बातमीवर आपलंही मत असतं!

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरी सकाळचं वर्तमानपत्र पहिल्यांदा कुणाच्या हातात जातं? बहुतेक घरांतलं उत्तर ठरलेलं आहे. आधी सासरे, मग ‘हे’, मग क्रिकेटचं पान ओढून घेणारे चिरंजीव. आपल्या हाती ते येतं दुपारी, ओटा आवरल्यावर. तेही घडी विस्कटलेलं आणि शब्दकोडं कुणीतरी अर्धवट सोडवून ठेवलेलं. आता मोबाईलवर बातम्या येतात म्हणा, आणि टी.व्ही. तर दिवसभर चालूच असतो. पण बातमीवर बोलायची वेळ आली, की बैठकीच्या खोलीत पुरुषमंडळी असतात आणि आपण आत चहाचं आधण ठेवत असतो. “बायकांना काय कळतं राजकारणातलं!” हे वाक्य हल्ली थट्टेनं म्हणतात, पण म्हणतात खरं.

म्हणून गेले काही महिने मी एक उद्योग केला. मी अर्धवेळ शिक्षिका आहे, मराठी आणि इतिहास शिकवते. त्यामुळे शिक्षकखोलीत बसणं होतं. गल्लीतल्या बायका रोजच्या. शिवाय महिन्याची भिशी आहे, बचत गटाची बैठक आहे. भेटेल तिला मी विचारू लागले: सध्या गाजलेल्या बातम्यांबद्दल तुमचं काय मत? राजकारणाबद्दल? खेळाबद्दल?

गंमत अशी, की पहिलं उत्तर प्रत्येकीचं एकच. “अगं, मला कुठलं आलंय मत!” आणि त्यानंतर प्रत्येकजण निदान वीस मिनिटं बोलली. दूध उतू जाईपर्यंत बोलली.

त्यातलं थोडं तुमच्यापुढे ठेवते. वाचताना आपलंही मत त्यात मिळवा.

कांदा आणि दोन्हीकडचं दुःख

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात राजकारणाची चर्चा कांद्याशिवाय पुरी होत नाही. पारनेर, राहुरी, घोडेगाव, नगरजवळचं नेप्ती, जिथं पाहावं तिथं कांद्याचा बाजार. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली. ती मे २०२४ मध्ये उघडली, पण शुल्क कायम ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते काढून टाकलं. या तारखा मी वर्तमानपत्रातून टिपल्या. पण भिशीतल्या एका वहिनींना त्या तोंडपाठ होत्या. त्यांचं माहेर पारनेर तालुक्यातलं, भाऊ कांदा करतो. सासर शहरात, घरात सहा माणसं खाणारी.

त्या म्हणाल्या, “निर्यात बंद झाली तेव्हा ऐन लाल कांदा बाजारात येत होता. इथं भाजीवाल्याकडे भाव उतरला म्हणून शेजारणी खूश. मी खूश व्हावं, की भावाचा मजुरीचा खर्चही निघेना म्हणून रडावं?”

दुसरी लगेच म्हणाली, “अहो वहिनी, पण ज्यांचा पगार बांधलेला आहे त्यांनी ऐंशी रुपयांचा कांदा कसा घ्यायचा?”

दोघींचंही खरं. बोलता बोलता वहिनींनी जे सांगितलं ते मात्र सगळ्यांना पटलं. त्या म्हणाल्या, “सरकारला नियम बदलायचाय ना, खुशाल बदलावा. पण लावणीच्या आधी सांगावा. काढणीच्या वेळी सांगून काय उपयोग? मग शेतकरी तरी लावताना विचार करेल.”

मी टी.व्ही.वरच्या चर्चा ऐकते. तज्ज्ञ मंडळी अर्धा अर्धा तास बोलतात. इतकं नेमकं बोलणं तिथं क्वचित ऐकलंय. कारण उघड आहे. वहिनींना शेतही ठाऊक आहे आणि स्वयंपाकघरही. बाजाराची दोन्ही टोकं एकाच बाईच्या पदरात बांधलेली आहेत. अशा बाईला मत नाही, तर कुणाला?

नाव बदललं, बोलणं मात्र गोडीनं झालं

दुसरा विषय निघाला तो जिल्ह्याच्या नावाचा. ३१ मे २०२३ रोजी चौंडीला अहमदनगरचं नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राची मान्यता मिळाली. अहिल्यादेवी होळकरांचा जन्म १७२५ सालचा, आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

जामखेडकडच्या एक ताई बचत गटात आहेत. त्या म्हणाल्या, “बाईच्या नावानं जिल्हा! मुलीला शाळेच्या दाखल्यावर ते नाव दिसतं तेव्हा मला बरं वाटतं.” शेजारच्या आजींनी हसून सांगितलं, “तुम्ही काहीही ठेवा, एस.टी.त बसल्यावर मी कंडक्टरला ‘नगर एक’ असंच म्हणणार.” एका किराणा दुकानदाराच्या पत्नीचा हिशोब वेगळा होता. पाटी, बिलबुकं, शिक्के, सगळं नव्यानं करायचं म्हणजे खर्च आलाच. “आणि नावाबरोबर रस्ते पण नवे मिळाले तर बरं,” असंही त्या म्हणाल्या.

आमच्या शिक्षकखोलीतल्या एका मुसलमान बाईंचं म्हणणं मला फार विचार करण्याजोगं वाटलं. त्या म्हणाल्या, “मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? जन्म त्या नावात गेला. पण माझं एवढंच मागणं आहे, की पुस्तकातला धडा जाऊ नये. १४९० मध्ये अहमद निजामशहानं हे शहर वसवायला घेतलं, आणि १५९५-९६ मध्ये चांदबीबीनं मोगलांच्या वेढ्यात किल्ला राखला, हेही मुलींना कळू दे. चांदबीबी काय, अहिल्यादेवी काय, दोघी राज्य सांभाळणाऱ्या बायका. दोघी आपल्याच.”

जामखेडच्या ताईंना मी हे पुढे सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे त्यांचं. धडा असायलाच हवा.”

पहा ना, याच विषयावर पडद्यावर माणसं एकमेकांचा गळा धरायच्या बेतात असतात. इथं मतं वेगळी होती, पण कुणी कुणाचं तोंड दाबलं नाही. मत मांडायचं म्हणजे भांडायचंच, हे आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे!

मैदानावर आपल्या मुली

“खेळातलं मला काही विचारू नका,” असं म्हणणाऱ्या बायकाही २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री जाग्या होत्या. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, ती ही रात्र. सांगलीत वाढलेली आपली स्मृती मानधना त्या संघात होती. त्याआधी उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं, तेव्हा आमच्या गल्लीत एक काकू देवापुढे साखर ठेवून आल्या होत्या.

क्रिकेट आपल्या जिल्ह्याला नवं नाही. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. कुस्ती तर आपली घरचीच. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र केसरी स्पर्धा नगरच्या वाडिया पार्कवर झाली. पृथ्वीराज मोहोळ यांनी गदा जिंकली. पण चर्चा झाली ती निर्णयावर चिडून एका मल्लानं पंचांना मारलेल्या लाथेची. यावर आमच्याकडे दोन तट पडले. एकीचं म्हणणं, पंचाला हात लावला की खेळ संपला, मग तो कितीही मोठा मल्ल असो. दुसरीचं म्हणणं, लाथ चूकच, पण निर्णयावर शंका आली तर पडद्यावर पुन्हा तपासून पाहायची सोय हवी. मला विचाराल तर दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

त्याच वर्षी आपल्या श्रीगोंदा तालुक्यातली भाग्यश्री फंड महिला महाराष्ट्र केसरी झाली, हे मात्र किती जणींना ठाऊक होतं? लाथेची बातमी घरोघर पोचली, गदेची पोचली नाही. हा दोष बातमी देणाऱ्यांचा, तसा थोडा वाचणाऱ्यांचाही.

पण सगळ्यांत महत्त्वाचं बोलली ती एक आई. तिची मुलगी आठवीपर्यंत धावायला जात असे, पुढे बंद झाली. का? तर मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह नाही आणि सायंकाळी परतताना रस्त्यावर दिवे नाहीत. “विश्वचषक जिंकला तेव्हा सगळे म्हणाले, मुलींना खेळू द्या. अहो, आम्ही नको कुठं म्हणतोय? आधी एक दार लागणारं स्वच्छतागृह द्या!”

मी विचारलं, “हे तू कुणाला सांगितलंस?” ती म्हणाली, “तुम्हालाच. दुसरं कोण विचारतंय?”

ही रीत जुनी आहे

मैत्रिणींनो, कुणी विचारायची वाट न पाहता बोललेल्या बायका आपल्याकडे होऊन गेल्या आहेत.

‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली आपल्या नगरलाच सुरू झालं. पुढे ते मुंबईला गेलं. १८५५ मध्ये याच ‘ज्ञानोदया’त मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. ती जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, वय अवघं १४. आपल्या समाजाला काय सोसावं लागतं हे तिनं जगाला रोखठोक विचारलं. सावित्रीबाईंनी स्वतः शिक्षिकेचं शिक्षण घेतलं तेही नगरलाच, मिस फरार यांच्या संस्थेत. म्हणजे या रीतीची मुळं आपल्या गावात आहेत.

आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे! १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली. पुढे ती कमी होत गेली. तो खटला गाजला. ‘पुणे वैभव’ या पत्रातून बायकांवर बरीच टीका झाली. ती वाचून ताराबाईंना राहवलं नाही. त्यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तकच लिहिलं. सगळा दोष बाईच्या माथी कसा, हा त्यांचा सवाल. त्या काळी लोकांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. जोतीराव फुले मात्र त्यांच्या बाजूनं उभे राहिले. आज ते पुस्तक विद्यापीठांतून अभ्यासलं जातं. पण मूळ काय? एका बाईनं वर्तमानपत्र वाचलं आणि त्यावर आपलं मत लिहिलं, एवढंच.

गप्प बसण्याची किंमत

आता कुणी म्हणेल, आम्ही नाही बोललो तर काय बिघडतं? बिघडतं, आणि चांगलं मोजता येईल इतकं बिघडतं.

स्वतंत्र भारतातली पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ ची. मतदारयाद्या करताना कितीतरी बायकांनी, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत, स्वतःचं नाव सांगितलंच नाही. “अमक्याची बायको”, “तमक्याची आई” एवढंच सांगितलं. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून गाळावी लागली. मताचा हक्क होता, पण नाव नाही म्हणून मत गेलं.

दुसरं उदाहरण जवळचं. दारूच्या दुकानाबद्दल गावातल्या बायकांचं मतदान घेण्याची सोय आपल्या राज्यात आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी २०१६ मध्ये अशी बाटली आडवी केली होती. यात एक मेख आहे, ती नीट समजून घ्या. नुसती झालेल्या मतदानात जास्त मतं मिळून भागत नाही. गावच्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे समजा, गावात हजार महिला मतदार आहेत आणि ४९० जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं. विरोधात एकही मत नाही. बाकीच्या घरी बसल्या. तरी दुकान चालूच राहणार! घरी बसलेलीचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेलं. तिच्या मनात काय होतं, ते तिच्या मनातच राहिलं.

मैदानावरच्या स्वच्छतागृहाचंही तसंच आहे. तक्रार कागदावर नाही, म्हणजे गरज नाही, असा सरळ अर्थ कचेरीत लावला जातो. आणि एक मुलगी धावायची बंद होते.

मग आपण काय करावं?

आपलं मासिक खर्चाचं गणित जसं आपण वहीत मांडतो, तसंच हेही जमण्यासारखं आहे. काही सोप्या गोष्टी सुचवते:

१. आधी माहिती, मग मत. मोबाईलवर आलेली बातमी दुसऱ्या एखाद्या वर्तमानपत्रात आहे का, ते पाहा. तारीख पाहा, जुनी चित्रं नवी म्हणून फिरतात. खात्री नसेल तर पुढे पाठवू नका. धान्य निवडतो, मग बातमी का निवडू नये?

२. संपादकांना पत्र लिहा. एका पत्रात एकच विषय. साधारण दीडशे शब्द पुरेत. पहिल्या दोन ओळींत काय घडलं आणि कुठं, मग आपलं मत, शेवटी नेमकी मागणी. “सगळीकडे दुर्लक्ष आहे” असं लिहू नका. “अमुक रस्त्यावरचे दिवे तीन महिने बंद आहेत” असं लिहा. खाली आपलं पूर्ण नाव आणि पत्ता द्या. नाव छापायचं नसेल तर तशी विनंती करता येते, पण संपादकांना ते कळवावं लागतं.

३. तक्रार तोंडी नको, लेखी द्या. नगरपालिकेत किंवा महापालिकेत अर्ज नेताना दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती पोच जपून ठेवा. एकटीपेक्षा दहाजणींच्या सह्या असल्या तर आणखी चांगलं. भिशीच्या दिवशी सह्या सहज होतात.

४. माहिती मागा. माहितीचा अधिकार मिळावा म्हणून ज्यांनी आंदोलनं केली ते अण्णा हजारे आपल्याच राळेगणसिद्धीचे. महाराष्ट्रानं यासाठी २००२ मध्ये कायदा केला, देशाचा कायदा २००५ मध्ये आला. साध्या अर्जाला १० रुपये शुल्क आणि ३० दिवसांत उत्तर. मैदानासाठी किती पैसे मंजूर झाले, कशावर खर्च झाले, हे विचारायचा आपल्याला पुरा हक्क आहे.

५. मतदारयादीत आपलं नाव पाहा. लग्नानंतर कितीजणींचं नाव माहेरच्याच यादीत राहतं! पत्ता बदलण्यासाठी आणि नाव दुरुस्त करण्यासाठी नमुना ८ भरायचा, नव्यानं नाव घालण्यासाठी नमुना ६. अडचण आली तर १९५० या क्रमांकावर विचारता येतं. मुलगी १८ वर्षांची झाली की जसं तिचं बँकेतलं खातं पाहता, तसं यादीतलं नावही पाहा.

६. माहेरच्या गावाला विसरू नका. गावाकडे वहिनी, बहिणी असतील तर त्यांना सांगा, की नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची वेगळी ग्रामसभा घेण्याची तरतूद आपल्या राज्यात २००३ पासून आहे. ती नुसती सह्यांपुरती होते का, हे त्यांनीच पाहायचं.

घरात बोलायचं कसं, असंही काहीजणींनी विचारलं. “ह्यांच्यापुढे बोललं की वाद होतो.” मला वाटतं, वाद टाळायचा तर प्रश्नानं सुरुवात करावी. “अहो, हे शुल्क काढलं म्हणजे भावाला किती मिळतील?” असं विचारलं, की गप्पा आपोआप सुरू होतात. जेवताना टी.व्ही. बंद ठेवून दिवसातली एक बातमी निवडावी आणि सगळ्यांनी, अगदी सातवीतल्या मुलीनंसुद्धा, आपलं मत सांगावं. आजींनाही विचारावं. मुलीला घरातच बोलायची सवय झाली, तर उद्या चारचौघांत तिची जीभ अडखळणार नाही. आणि मुलाला बहिणीचं ऐकून घ्यायची सवय लागली, तर त्याच्या बायकोचं पुढचं आयुष्य सोपं जाईल! आपलं मत चुकीचं निघालं तर? निघू दे की. पुरुषमंडळींची मतं तरी कुठं रोज बरोबर निघतात?

त्या धावणाऱ्या मुलीच्या आईला आम्ही दोघी-तिघींनी मिळून अर्ज लिहायला बसवलं. भाषा तिचीच, आम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. खाली पहिली सही तिची, मग बाकीच्या चौदाजणींच्या. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. महिना झाला की विचारायला जाणार आहोत.

तुमच्या गावात असं काय आहे, जे तुम्ही फक्त शेजारणीलाच सांगितलंय? आजच दुपारी एक कागद घ्या. वर तारीख घाला. आणि खाली सही करताना आपलं स्वतःचं नाव ठसठशीत अक्षरांत लिहा.